बापाची विडी आणि बाळाचा श्वास



आपल्याकडचा पाऊस कोणाला समजावून सांगायला नको. आषाढ लागला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवसादेखील घराचे दार लोटलेले असते. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौले किंवा पत्रा, एका बाजूला शेळ्या-कोंबड्या आणि आतल्या अंगाला चूल. आवणीवरून चिंब भिजून आलेला घरचा पुरुष चुलीपुढे बसतो, हात शेकतो, निखारा उचलून विडी पेटवतो. तिथेच चार हातांवर आढ्याला बांधलेल्या झोळीत तान्हे मूल झोपलेले असते. या चित्रात आपल्याला काहीच खटकत नाही. दिवसभर चिखलात वाकून दमलेला माणूस दोन झुरके मारतो आहे, एवढेच दिसते. त्याने कोणाला शिवी दिली नाही, बायकोवर हात उगारला नाही, पैसे उधळले नाहीत. मग यात नीती-अनीतीचा प्रश्न आला कुठून?

प्रश्न आहे, असे मला वाटते, आणि आपण समजतो त्यापेक्षा तो अवघड आहे. दारूविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रवचनात बोलतो, महिला मंडळात बोलतो, गावात भट्टी लागली तर बायका मिळून ती मोडायला जातात. दारू आरडाओरडा करते, भांडी फेकते, म्हणून तिचा दोष सर्वांना दिसतो. विडी बिचारी गरीब गाय! ती कोपऱ्यात बसते, पाहुण्याला मान देते, ओळख नसलेल्या दोन माणसांना बोलते करते. 'विडी आहे का?' एवढ्या एका प्रश्नावरून आपल्याकडे सोयरिकीसुद्धा जुळल्या असतील. तिच्यावर कोणी रागावत नाही. आणि ज्याला तिचा सर्वांत जास्त त्रास होतो, त्याला अजून बोलता येत नाही.

मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. नुकते जन्मलेले बाळ ४० ते ६० वेळा घेते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच धुरात बसलेल्या दोघांपैकी बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या छातीत धूर अधिक जातो. त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात. थोडीशी सूज आली, थोडा कफ साठला की त्या बंद होऊ लागतात. बापाला नुसता खोकला येतो, तिथे लेकराला धाप लागते.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येऊन पन्नास वर्षे होऊन गेली. १९७४ साली लंडनच्या एका भागातील सुमारे २२०० बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या घरात आई-वडील दोघेही धूम्रपान करीत नव्हते, तिथे पहिल्या वर्षात शंभरातल्या सुमारे ८ बाळांना न्यूमोनिया किंवा श्वासनळ्यांची सूज झाली. एकजण ओढत असेल तर ११ जणांना आणि दोघेही ओढत असतील तर जवळजवळ १८ जणांना. ही गाणी-गोष्टी ऐकून केलेली कल्पना नव्हे, मोजून काढलेले आकडे आहेत. पुढे १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित स्त्रियांची माहिती मांडली. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढतो, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे त्यातून दिसले. २००६ साली अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलच्या अहवालाने सर्व पुरावा एकत्र करून सांगितले, की दुसऱ्याच्या धुराची 'इतपत चालेल' अशी सुरक्षित पातळीच नाही. तान्ह्या मुलाचा झोपेत होणारा अचानक मृत्यू, छातीचे आजार, कान फुटणे, दम्याचे झटके यांची सांगड त्या अहवालाने आई-बापांच्या धूम्रपानाशी घातली. खिडकी उघडली किंवा पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले म्हणून काम भागत नाही, हेही त्यातच आहे. आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुरामुळे जगात सुमारे ६ लाख माणसे गेली, आणि त्यांतली सुमारे १ लाख ६५ हजार मुले होती. या मुलांनी हातात कधी काडेपेटीही धरली नव्हती.

हे सारे सिगारेटचे झाले, आपली विडी पानाची, रानातली, ती काय करणार, असे कोणी म्हणेल. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत येत नाही आणि विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. तिच्या धुरातले विष सिगारेटपेक्षा कमी नाही, असे तपासण्यांत आढळले आहे. पान रानातले आहे म्हणून धूर औषधी होत नाही. कुचल्याचे झाडही रानातच असते.

आता आपल्याकडच्या लोकांचे आक्षेप. ते मी ऐकलेले आहेत, आणि ते टाकाऊ नाहीत.

पहिला आक्षेप असा, की घरात चूल आहे. सकाळ-संध्याकाळ घर धुराने भरते. त्यात एका विडीची काय मातब्बरी? प्रश्न रास्त आहे. चुलीच्या धुराने मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली. पण सिलिंडर भरून आणायचे पैसे नसले की शेगडीवर डबे ठेवले जातात आणि चूल पुन्हा पेटते. यात घरच्या बाईचा दोष नाही. ती पेटवते कारण नागलीची भाकरी भाजायची आहे. त्या धुराच्या बदल्यात मुलाच्या पोटात काहीतरी जाते. विडीच्या धुराच्या बदल्यात मुलाला काय मिळते? नीतीचा विचार करताना दोन धूर सारखे काळे आहेत एवढे पाहून चालत नाही, ते कशासाठी केले हेही पाहावे लागते. आणि मला तर हा आक्षेप उलट बाजूने लागू होतो असे दिसते. ज्याच्या पाठीवर आधीच मोळी आहे, त्याच्या डोक्यावर आपण आणखी लाकूड ठेवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. 'आमचे आजे ओढत होते, बाप ओढत होता. आम्ही काय मेलो?' हे ऐकून बोलणारा गप्प होतो, कारण समोर धडधाकट माणूस उभा असतो. पण जरा थांबून पाहा. जो हे बोलतो तो वाचलेला आहे. जो वाचला नाही तो बोलायला येत नाही. आपल्या कोणत्याही जुन्या आजीला विचारा, मुले किती झाली? ती म्हणेल, आठ झाली, पाच राहिली. उरलेली तीन कशाने गेली? कोणी म्हणेल ताप आला, कोणी म्हणेल पोट चढले, कोणी म्हणेल बाहेरचे लागले आणि भगताला उशीर झाला. त्या तिघांपैकी एखादे घरातल्या धुराने कमजोर होऊन गेले का, हे कोणी विचारले नाही आणि आता कोणी सांगूही शकत नाही. बापाच्या विडीने होणाऱ्या हानीचे हेच वैशिष्ट्य आहे. या विडीने हे मूल गेले, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. शंभर घरांची बेरीज केली की मगच ती दिसते.

मग ज्या हानीला चेहरा नाही, तिची जबाबदारी असते का? समजा, एक माणूस रात्री शेताच्या माळ्यावर बसून रानडुकरांसाठी गोफण फिरवतो आहे आणि खाली अंधारात मुले झोपली आहेत. बहुतेक दगड रिकाम्या जागी पडतील. एखाद्या वर्षी एकही मूल दुखावणार नाही. तरीही खाली मुले आहेत हे कळल्यावर तो गोफण फिरवीत राहिला, तर आपण त्याला निर्दोष म्हणू का? दगड लागला की नाही हे नंतरचे. मुले खाली आहेत हे ठाऊक असताना दगड सुटला, इथेच प्रश्न उभा राहतो.

या ठिकाणी एक सावधगिरी मला सांगितलीच पाहिजे. १९९२ मध्ये आपल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव सर्व महाराष्ट्रात गेले ते लेकरांच्या मृत्यूंमुळे. भूक, कुपोषण, आजार, दूरचा दवाखाना, पावसात बंद होणारी वाट, हाताला काम नाही, अशी ती साखळी होती. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. उद्या कोणी शहरातून येऊन म्हणू लागला, की आदिवासींची मुले मरतात ती त्यांच्या विडीमुळे, तर ते खोटे ठरेल आणि क्रूरपणाचेही ठरेल. रस्ता, रेशन, डॉक्टर आणि रोजगार देणे ज्यांचे काम आहे, त्यांना बापाच्या विडीआड लपू देता कामा नये. पण याचाच दुसरा अर्थही आहे. अर्धपोटी मुलाला झालेला न्यूमोनिया भरल्या पोटाच्या मुलापेक्षा जास्त जिवावर बेततो. पुण्या-मुंबईच्या बंगल्यात बापाने सिगारेट ओढली तर मुलाला खोकला होईल, औषध येईल, मूल बरे होईल. तोच धूर इथे जास्त महाग पडतो. गरिबी हा बापाचा गुन्हा नाही, तरी तिच्यामुळे बापाच्या विडीची किंमत वाढते. हा अन्यायच आहे, पण आपल्या मुलांना जगायचे आहे ते याच अन्यायात.

पोटातल्या बाळाचेही असेच. आपल्याकडच्या बायका विडी कमी ओढतात, पण मशेरी आणि तंबाखू-चुना पुष्कळजणींच्या हातात असतो. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी यांनी मुंबईतील १२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी केली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. अडीच किलोच्या खालचे बाळ अशक्त समजतात. ज्या आईचे स्वतःचेच वजन कमी आहे, तिच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे काय, हे आपल्या अंगणवाडीताईंना विचारावे. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे लोक २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरात चारही भरले नाहीत. तंबाखू खाणारे-लावणारे मात्र चोविसाच्या वर होते. त्यामुळे पुरुषांकडे बोट दाखवून बायकांची सुटका होत नाही. पण मशेरीचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

कायदा काय म्हणतो? मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये संसदेने तंबाखूविरोधी कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. जव्हारच्या एस. टी. स्टँडवर विडी ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुटी विडी-सिगारेट विकण्यावरही बंदी घातली. ती किती पाळली जाते ते दुकानासमोरून जाताना आपण रोज पाहतो, असो.

पण या सर्व कायद्यांचा एक विचित्र परिणाम पाहा. स्टँडवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या फुप्फुसांचे रक्षण होते. त्याला नको असेल तर तो चार पावले दूरही जाऊ शकतो. झोळीतल्या बाळाला उठून जाता येत नाही, आणि त्याच्या रक्षणासाठी कायदा येत नाही. तो उंबऱ्याशी थांबतो. मुलाच्या हातात विडी दिली तर तुरुंग; मुलाच्या छातीत तिचा धूर भरला तर काही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून मोटारीत मूल असताना धूम्रपान करायला बंदी आहे, पण घरात तिथेही नाही. घरात पोलीस नको, हे मलाही पटते. पोलीस विडी शोधायला घरात शिरला की आणखी काय काय शोधेल, हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. पण मग जिथे कायदा थांबतो तिथे दुसरे कोणीतरी जागे असावे लागते.

'माझे शरीर, माझी विडी, माझ्या घामाचा पैसा,' असे म्हणणाऱ्याला मी एवढेच म्हणेन, की बाबा, शरीर तुझे आहे, पण घरातली हवा एकट्याची नाही. आपल्याकडे एकाच टोपात कालवण होते आणि सगळे त्यातून घेतात. भूक कितीही लागली तरी त्या टोपात कोणी खरकटा हात घालत नाही. हवा हा तसाच एक टोप आहे. फरक इतकाच, की बेचव कालवण मूल थुंकून टाकते. श्वास त्याला थुंकता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने आई-वडील आणि धर्ममातापिता उत्तरे देतात. बाळाला बोलता येत नाही म्हणून त्याचे बोलणे आपण अंगावर घेतो. त्या दिवशी चर्चमध्ये घेतलेले हे वकीलपत्र घरी पोचल्यावर संपते का? बाळाला खोलीतल्या धुराविषयी काय म्हणायचे आहे, हे सांगणाराही तोच बाप आहे, ज्याच्या हातात विडी आहे. वकील आणि आरोपी एकच. आई-बाप होण्यातली ही सर्वांत अवघड जागा असावी.

आता मूळ प्रश्न. हे पाप आहे का? ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की गंभीर दोषासाठी कृत्य गंभीर असावे लागते, ते माणसाला ठाऊक असावे लागते आणि त्याने ते मोकळ्या मनाने केलेले असावे लागते. ज्याला धुराचा परिणाम कधी कोणी सांगितलाच नाही, त्या आज्याला मी दोष देणार नाही. ज्याला कळले आहे पण विडी सुटत नाही, त्याचेही मन पुरते मोकळे नाही. निकोटीन झुरका घेतल्यावर काही सेकंदांत मेंदूत पोचते, आणि वीस वर्षे रोज पोचत राहिले की मेंदू त्यावाचून राहत नाही. त्यात वीटभट्टीवरच्या माणसाचे आयुष्य पाहा. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून तो भिवंडी-वसईकडे जातो. तिथे नुसते बसलेल्याला मुकादम ओरडतो, विडी ओढणाऱ्याला ओरडत नाही. विडी हीच त्याची सुट्टी. ती भूकही थोडी मारते. अशा माणसाला नुसते 'सोड' म्हणणे सोपे आहे, आणि म्हणणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात.

पण माझे म्हणणे पुढे आहे. व्यसन माणसाकडून विडी ओढवून घेते, ती घरातच ओढवून घेत नाही. तलफ विडीची असते, कोपऱ्याची नसते. विडी सोडणे आज त्याच्या हातात नसेल, उंबरा ओलांडणे आहे. व्यसनामुळे जी माफी मिळते ती विडीपुरती. मुलाच्या शेजारी बसून ओढण्याला ती पुरत नाही. म्हणून मी विडी सोडण्याचा आणि विडी बाहेर नेण्याचा, असे दोन प्रश्न वेगळे करतो. आपण ते एकत्र बांधतो, मग पहिला जमत नाही म्हणून दुसराही सोडून देतो. पहिल्याला महिने लागतील, दोन-चारदा हरावे लागेल. दुसरा आज रात्रीचा आहे.

पावसात बाहेर कुठे जायचे, असे विचाराल. पडवीत जावे, ओट्यावर जावे, शेजारच्या गोठ्याच्या आडोशाला उभे राहावे. कुडाचे दार मात्र मागे लोटून घ्यावे. भिजलेल्या माणसाला थंडीत पुन्हा उठायला लावणे हा त्रास आहे, मान्य. पण तोच माणूस शेळी सुटली तर रात्री बारा वाजता पावसात धावतो. आत आल्यावर चूळ भरावी, हात धुवावेत आणि मग मूल घ्यावे, कारण धुराचा अंश कपड्यांना आणि गोधडीला चिकटून राहतो. बाहेर ओढल्याने सगळे टळते असे नाही, पण जे टळते ते फार मोठे आहे.

आणखी एक सवय. 'जा रे, चुलीवर विडी पेटवून आण.' पाच-सहा वर्षांचे पोर धावत जाते, आणि वाटेत विझू नये म्हणून स्वतः एक झुरका घेते. घरातले हसतात. आपल्यातल्या किती मोठ्या माणसांचा पहिला झुरका बापाच्या सांगण्यावरून होता, हे ज्याचे त्याने आठवावे. दुकानातून बंडल आणायला पोराला पाठवणेही त्यातलेच. त्या बंडलाच्या पैशांत दोन-तीन अंडी येतात. सरकार अमृत आहार योजनेतून २०१६ पासून अंगणवाडीत मुलांना अंडी देते आणि ती मिळाली नाहीत की आपण तक्रार करतो, ते योग्यच आहे. घरून मिळू शकणाऱ्या अंड्यांची तक्रार मूल कोणाकडे करणार?

मग हे बोलायचे कोणी? बायको बोलली तर 'तू मला शिकवतेस?' म्हणून मार बसण्याची भीती. सून सासऱ्याला सांगू शकत नाही. आई-बाप भट्टीवर गेलेले असताना नातवाला मांडीवर घेऊन आजीच विडी ओढत असेल, तर तिला सांगायला कोणी घरी नसतेच. म्हणून ही जबाबदारी ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांच्यावर येते: पाड्याचे वडीलधारे, शिक्षक, आशाताई, प्रार्थनेला पुढे असणारी माणसे. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निर्णय घेतला आणि २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री बंद झाली. त्यातून मिळणारे उत्पन्न त्यांनी सोडले. आपल्याला उत्पन्न सोडायचे नाही. मिस्सा संपल्या संपल्या फाटकाबाहेरच्या झाडाखाली जो धूर निघतो, तेवढा तरी लेकरांपासून दूर नेता येईल. पाड्यावरच्या बैठकीत घरात विडी नाही, असे पुरुषांनीच ठरवले तर एकट्या बाईला तोंड उघडावे लागणार नाही. पाहुण्याला 'चला, बाहेर बसू' म्हणणे ही अपमानाची गोष्ट राहणार नाही. ज्यांना सोडायचीच आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

मुलाचा श्वास मोजायला मात्र सर्वांनी शिकावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना आणि निरक्षर सुईणींनासुद्धा ते शिकवले, सुईणींसाठी मण्यांचे साधे साधन केले. गावातच उपचार मिळू लागल्याने तिथले मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. मूल शांत असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. आशाताईंना हाक मारावी, जव्हारचे पतंगशाह रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

हे वाचून एखादा बाप, ज्याचे मूल मागच्या पावसाळ्यात गेले, विचारील, 'माझ्या विडीने गेले का?' त्याला 'हो' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका मुलाविषयी ते कोणालाच सांगता येत नाही. 'नाही' म्हणून त्याची समजूत घालणेही बरे नव्हे. त्याच्याजवळ बसावे, त्याने विडी काढली तर त्याच्याबरोबर अंगणात जावे, आणि घरात दुसरे लेकरू असेल तर त्याच्याविषयी बोलावे.